'साभार' पुरत नाही : खुल्या परवान्याच्या खेळांतली श्रेयओळ

दुसऱ्याचा मजकूर छापायचा आणि खाली 'साभार' टाकायचं, ही मराठी छपाईची जुनी सवय. दिवाळी अंकांपासून व्हॉट्सॲपपर्यंत ती चालत आली आहे. टेबलटॉप, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या, खेळांचे नियम मराठीत आणू पाहणारा मुंबईकर नेमका याच शब्दाला अडतो. ठरावीक अटींवर कुणालाही मजकूर वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याला आभार नको असतात, ठरावीक नोंद हवी असते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या राक्षसांशी लढणारी पात्रं होऊन खेळायच्या खेळाच्या प्रकाशकाने २००० साली ओपन गेम लायसन्स हा असा खुला परवाना आणला. त्यातलं कलम १५ म्हणजे वंशावळच. दुसऱ्या एखाद्या नियमपुस्तकातला एक राक्षस उचलला, तरी त्या पुस्तकाची पूर्ण हक्कनोंद उतरवायची. त्यात त्याच्या आधीच्यांच्याही नोंदी आल्या, आणि सगळ्यांच्या शेवटी आपली. वर अख्खा परवाना प्रत्येक प्रतीत छापायचा. एवढं करूनही मूळ खेळाचं नाव घेऊन 'याच्याशी जुळणारं' असं म्हणायचं, तर वेगळी परवानगी लागे.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना मोडीत काढायचा आणि साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उलाढालीवर रॉयल्टी घ्यायची, असा बेत होता. खेळाडू इतके खवळले की २७ जानेवारीला प्रकाशकाने माघार घेतली आणि खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा ४०३ पानी संदर्भ-दस्तऐवज, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० (श्रेय देऊन कुणीही वापरावं, अशा परवान्या) खाली खुला केला. हा परवाना मागे घेता येत नाही. खरी जीत तीच.

वाद उरला तो श्रेयओळीचा. दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच श्रेयाचा तयार इंग्रजी परिच्छेद दिला आहे. तोच आपल्या पुस्तिकेत द्यायचा. पुढे विनंती आहे : याखेरीज आमचा दुसरा श्रेयउल्लेख कृपया करू नका. काहीजण हिला अट मानतात, काहीजण नुसतं सौजन्य. माझ्या मते 'कृपया' हा शब्द अटीचा नव्हे. पण परवान्यातच दुसरी गोष्ट स्पष्ट आहे : मूळ हक्कदाराचा आपल्याला पाठिंबा आहे, असं भासवायचं नाही. मुखपृष्ठावरचं ठळक 'सौजन्य : अमुक प्रकाशक' नेमकं तसंच वाचलं जातं. आपल्याकडे सौजन्य म्हणजे प्रायोजक! 'पाचव्या आवृत्तीशी सुसंगत' एवढं लिहायला मात्र त्या दस्तऐवजातच मुभा आहे.

दादरच्या एखाद्या प्रेसमध्ये पीडीएफ दिली की हमखास प्रश्न येईल, "शेवटचा इंग्रजी पॅरा राहू द्यायचा की मराठी करायचा?" राहू द्यावा, जसाच्या तसा, लिंकसकट. त्याखाली 'मराठी अनुवाद, नियमांत फेरफार केले आहेत' ही ओळ हवी, कारण बदल केला तर तसं सांगणं हीसुद्धा परवान्याची अट आहे, आणि अनुवाद हा बदलच. २०२५ मध्ये एसआरडी ५.२ हा नवा दस्तऐवज आला, त्याची श्रेयओळ वेगळी. जुन्या फाइलमधून ५.१ ची ओळ चिकटवण्याआधी राक्षस कुठल्या दस्तऐवजातला आहे ते पाहावं.