'काउन्सेलर' म्हणजे नक्की कोण? गोव्यातल्या महाविद्यालयांची पार्श्वभूमी

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या मुलांच्या कानावर 'काउन्सेलिंग' हा शब्द पहिल्यांदा पडतो, तो प्रवेशफेरीसाठी. यादीत क्रमांक कितवा, कुठल्या शाखेत जागा उरली, मिळतंय ते घ्यायचं की पुढच्या फेरीची वाट बघायची, एवढाच तिथे त्याचा अर्थ. महाविद्यालयात तोच शब्द वेगळ्या वेषात भेटतो. हजेरी कमी भरली, पालकांना बोलावलं आणि प्राचार्यांच्या खोलीत अर्धा तास 'काउन्सेलिंग' झालं, म्हणजे कानउघाडणी झाली. मग कधीतरी सूचनाफलकावर एका खोलीचा क्रमांक आणि आठवड्याचे वार दिसतात, तिथेही हाच शब्द. मनाने खचलेलं पोर त्या खोलीचं दार ठोठावणार की नाही, हे बरंचसं आधीच्या दोन अर्थांनी ठरून गेलेलं असतं.

हा गुंता जुनाच, पण अलीकडे तो फार जिव्हारी लागला. डिसेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात दक्षिण गोव्यातल्या एका निवासी शिक्षणसंकुलात पाच विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले. सगळ्यांमागे एकच कारण होतं असं धरून चालणं चूक आहे आणि त्या मुलांच्या घरच्यांवर अन्यायही आहे. लोकांनी मात्र एकच प्रश्न विचारला: आजूबाजूला एवढी माणसं असताना कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? २०२५ च्याच २४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं. २५ जुलैला दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरवल्या. २०२२ साली देशात आत्महत्येने गेलेल्या १,७०,९२४ जणांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. निकालात मांडलेला हा आकडा तेव्हापासून सगळीकडे उद्धृत होतो.

गोव्यात पदवी महाविद्यालयं सुरू झाली ती मुक्तीनंतर, १९६२ पासून. १९८५ मध्ये स्वतःचं विद्यापीठ होईपर्यंत ती मुंबईला जोडलेली होती. त्या काळात विद्यार्थ्याचं मन हा महाविद्यालयाचा विषयच नव्हता. खेळ, स्नेहसंमेलन, श्रमदानाचं शिबिर यांतच 'विद्यार्थी कल्याण' संपायचं. मनाचा आजार म्हटला की पणजीच्या आल्तिनोवरचं इस्पितळ आठवायचं. संमोहनाचा पाया घालणाऱ्या कांदोळीच्या पाद्रीचं नाव त्याला दिलेलं होतं. पुढे हे काम बांबोळीला गेलं. मधली पायरीच नव्हती. एक तर मूल 'बरं' असायचं, नाहीतर इस्पितळात न्यायचं.

मधली पायरी नसण्यात कायद्याचाही हात होता. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३०९ जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा मानायचं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरवलं आणि १९९६ मध्ये मोठ्या पीठाने पुन्हा वैध केलं. अशा वेळी प्राध्यापकाने काय करायचं? विचारलं आणि मुलगी खरं बोलली, तर पोलीस, पंचनामा, वर्तमानपत्र. न विचारणं हीच माया वाटायची. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारची, ही तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आली. तो लागू झाला २९ मे २०१८ ला. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत ३०९ नाही, फक्त सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. कायदा बदलला तरी विचारायची भीती तशीच आहे. मरणाचे विचार येतात का असं थेट विचारल्याने ते विचार डोक्यात पेरले जात नाहीत, हे आता नीट माहीत झालेलं आहे. तरी आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत आजही दबक्या आवाजात म्हणतात, "नको, उगाच मनात भरवायला."

आता मुख्य गुंत्याकडे येऊ. तो आहे 'मेंटॉर', म्हणजे पाठीशी राहणारा मार्गदर्शक, या शब्दाचा.

रॅगिंगविरोधी नियम २००९ मध्ये आले. त्यांतला मेंटॉर हा वरच्या वर्गातला विद्यार्थी होता. सहा नवख्यांमागे एक मेंटॉर, आणि अशा सहा मेंटॉरांमागे त्यांच्याहून वरच्या वर्गातला एक. आजही ही कल्पना मला फार शहाणी वाटते, कारण मूल रात्री जेवलं नाही हे आधी खोलीतल्या जोडीदाराला कळतं. २०१५ मध्ये उच्च शिक्षणाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय आयोगाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत हे काम शिक्षकाकडे आलं: पंचवीस मुलांमागे एक शिक्षक-समुपदेशक, पालकासारखा, वर्षभर संपर्कात राहणारा. तो प्रशिक्षित असावा असंही त्यात होतं. पण त्याच परिच्छेदात त्याने वसतिगृहाच्या वॉर्डनशी मुलांच्या वैयक्तिक माहितीची आणि वागणुकीची देवाणघेवाण करावी, म्हणजे वेळीच प्रतिबंध किंवा सुधारणा करता येईल, असाही सूर होता. मूल विश्वासाने जे सांगेल ते कुणापर्यंत जाणार, याचं उत्तर तिथेच धूसर झालं. गोपनीयता आणि शिस्त एकाच माणसाच्या हाती दिली की मूल बोलायचं थांबतं.

त्यानंतर या शब्दाला तिसरा मालक मिळाला, तो म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन. मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण गुणांसाठी मोजलं जाऊ लागलं. मग प्रमाण दाखवायला याद्या आल्या, याद्यांमागून वह्या. अशा वह्या मीही भरल्या आहेत. तारीख, नाव, 'समस्या', 'केलेली उपाययोजना', सही. एका मुलाच्या नावापुढे सलग तीन महिने मी 'घरगुती अडचण' लिहिलं. रकाना लहान होता आणि मला पुढचा प्रश्न कसा विचारायचा ते कुणी शिकवलं नव्हतं. वर्षअखेरीस तो परीक्षेलाच बसला नाही. नंतर कळलं, वडील गेले होते आणि तो रात्री हॉटेलात काम करून सकाळी वर्गात डुलक्या काढत होता. त्या डुलक्या मी रोज पाहत होतो.

याचं दुःख अधिक आहे, कारण 'साध्या माणसाला हे काम जमतं का' या प्रश्नाचं उत्तर जगाला गोव्यानेच दिलं. १९९६ मध्ये इथे सुरू झालेल्या एका स्वयंसेवी संस्थेने बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी दवाखाने घेऊन मोठा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंता असलेल्या रुग्णांना मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण या कामासाठी तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांची मदत दिली, आणि सरकारी केंद्रांत तिचा स्पष्ट फायदा दिसला. २०१७ मध्ये दहा आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवरच्या अभ्यासाने तीव्र नैराश्यातही तसंच दाखवलं. जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांनी हे वाचलं. पण त्यामागची शिस्त फार कमी जणांनी उचलली. त्या समुपदेशकांना आधी प्रशिक्षण होतं, मग अनुभवी माणसाच्या हाताखाली काम, सत्रांचं ध्वनिमुद्रण ऐकून एकमेकांच्या कामाची नियमित तपासणी, आणि जोखीम दिसली की वर पाठवायची ठरलेली वाट. आमच्या महाविद्यालयांनी यातलं 'साधा माणूसही करू शकतो' एवढंच घेतलं. बाकीचं तिथेच राहिलं.

म्हणून २०२५ च्या निकालातल्या 'पात्र' या शब्दावर आता एवढा खल चालतो. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करावी. पण पात्र कोण? चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या पुनर्वसनविषयक कायद्याखाली होते. इतर समुपदेशक कायद्याच्या कक्षेत आले ते थेट २०२१ मध्ये, संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने. तोवर सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम केलेली व्यक्ती आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतलेली व्यक्ती, दोघांच्याही दारावर पाटी एकच असायची. शिवाय विद्यार्थ्यांमागे समुपदेशकांचं प्रमाण योग्य ठेवा असं निकालात म्हटलं असलं, तरी आकडा आहे तो 'किमान एक' एवढाच, मग शंभर मुलांच्या संस्थेलाही एक आणि तीन हजारांच्या संस्थेलाही एकच पुरतो. माझ्या मते निकालातली ही बाजू सर्वांत कच्ची आहे. उलट वर्षातून किमान दोनदा सर्व कर्मचाऱ्यांना, शिक्षकेतरांनाही, ताणाची चिन्हं ओळखण्याचं प्रशिक्षण द्या ही सूचना फार मोलाची आहे, आणि तिच्याबद्दलच कमी बोललं जातं. शुल्क थकल्याचं लेखनिकाला कळतं. मूल रोज एकटं बसतं हे कँटीनवाल्याला दिसतं. पुस्तकं मुदतीआधी परत करून 'आता नकोत' म्हणणारी मुलगी ग्रंथपालासमोर उभी असते. यांनी उपचार करायचे नसतात. यांनी विचारायचं असतं, ऐकून घ्यायचं असतं आणि ज्याचं काम आहे त्याच्यापर्यंत सोबत चालत जायचं असतं.

काही सूचना निवासी संस्थांचा विचार करून दिल्या आहेत: छताचे पंखे सुरक्षित करा, गच्चीवर जाण्यावर बंधन घाला, वसतिगृहातही मदतवाहिनीचे क्रमांक लावा. ते हवंच. पण साखळी, खांडोळा, केपे, विर्नोडा इथल्या महाविद्यालयांतली बहुतेक मुलं घरून येऊन-जाऊन शिकतात. सत्तरी तालुक्यातली मुलगी पहाटे कदंबाची सरकारी बस धरते, शेवटचा तास सुटला की परतीच्या बसमागे धावते. समुपदेशनाची खोली दुपारनंतर उघडत असेल, तर ती तिच्यासाठी नाहीच. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी चोवीस तास आणि विनाशुल्क सुरू आहे. पण दोन खोल्यांच्या घरात फोनवर रडायला तरी जागा कुठे असते? अशा मुलीच्या हाती उरते ती सकाळची पंधरा मिनिटं, बस लवकर पोचते ती. त्या वेळी वर्गाबाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसून "काय गं, बरी आहेस ना? चार दिवस झाले, गप्प गप्प दिसतेस, मला काळजी वाटतेय" असं म्हणणारं कुणीतरी आज आहे की नाही, हे त्या त्या शिक्षकाच्या स्वभावावर सोडलेलं आहे.