टायमिंग सरकतंय, पण नेमकं सरकतंय काय?

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ट्रकांची एक ठरलेली तक्रार असते. टायमिंग लावलं की गाडी काही दिवस छान ओढते, मग हळूहळू पिकअप जातो, चढावर दम लागतो, सायलेन्सरमधून फटाके वाजू लागतात. बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगीचा करंट वाटणारा भाग) जरासा फिरवला की गाडी पुन्हा सुतासारखी सरळ. थोड्या दिवसांनी परत तेच. (डिझेल इंजिनात दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटतं, ठिणगी लागत नाही, त्यामुळे हा जाच फक्त पेट्रोलवाल्यांचा.) अशा वेळी पहिला हात जातो तो डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टकडे. आवळा, आणखी आवळा. पण बोल्ट तुटायला आला तरी तक्रार जात नाही, कारण पुष्कळदा डिस्ट्रिब्युटर जागचा हललेलाच नसतो.

टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात भस्म होत नाही; ज्योत सिलिंडरभर पसरायला काही मिलिसेकंद जातात. पिस्टन टॉपवरून, म्हणजे त्याच्या सर्वात वरच्या जागेवरून, साधारण 15 अंश खाली उतरलेला असताना दाब सर्वात जास्त असावा, म्हणजे क्रँकला (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याला) जोर पुरेपूर मिळतो. त्यासाठी ठिणगी टॉपच्या आधीच पडायला हवी. इंजिन मिनिटाला 800 फेरे मारत असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक जेमतेम 5 अंश फिरतो. 3000 फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात 18 अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पाडावी लागते. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन छोटी वजनं करतात. वेगाबरोबर ती बाहेर फेकली जातात, वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात.

फोर-स्ट्रोक इंजिनात डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे त्याची बॉडी 1 अंश सरकली तर क्रँकच्या हिशेबात फरक 2 अंशांचा. बॉडीची कड मध्यापासून 35 मिलिमीटरवर असेल, तर कडेवरचा 1 मिलिमीटर म्हणजे टायमिंगमध्ये तीन अंशांहून जास्त फरक. डोळ्यांना जाणवणारही नाही एवढ्या हालचालीने गाडी मवाळ होते किंवा नॉकिंग (इंजिनात ठणठण आवाज) करू लागते. तेव्हा नुसत्या नजरेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

टायमिंग लावल्यावर बॉडीवर आणि तिच्या खालच्या ब्लॉकवर अणकुचीदार टोकाने एकच सलग रेघ ओढावी. तक्रार परत आली की आधी ती रेघ बघायची. या एका रेघेइतकं स्वस्त आणि खात्रीचं निदान या कामात दुसरं नाही, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

रेघ तुटलेली दिसली तर बॉडी खरोखर फिरली आहे. मग क्लॅम्प (बॉडीला ब्लॉकवर दाबून धरणारी पट्टी) काढून बघायचा. त्याची बोटं वाकलेली असतात, खालच्या पृष्ठभागावर ऑइल झिरपून बुळबुळीत झालेलं असतं, किंवा बोल्टच जरा लांब असतो. ही शेवटची भानगड फसवी. बोल्टचं टोक भोकाच्या तळाला टेकतं, पाना घट्ट लागतो आणि क्लॅम्पवर मात्र दाब जवळजवळ शून्य. भोकात साचलेला कचरासुद्धा हेच करतो. बोल्ट काढून किती आटे आत जातात ते मोजलं की लगेच कळतं.

बॉडी कुठल्या बाजूला सरकली तेही पाहण्यासारखं आहे. शाफ्ट फिरताना घर्षणाने बॉडीलाही आपल्याच दिशेने ओढत असतो आणि बॉडी त्या दिशेने गेली की टायमिंग मागे पडतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. क्लॅम्प धडधाकट असूनही बॉडी पुन्हापुन्हा तिकडेच जात असेल, तर शाफ्टचा बुश (त्याला आधार देणारी नळी) कोरडा पडून धरायला लागला असल्याची शंका घ्यावी. तिथे नवा क्लॅम्प बसवणं म्हणजे आजार सोडून लक्षणावर उपाय.

रेघ शाबूत आहे आणि टायमिंग मात्र बिघडलंय, तर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा) लावून क्रँकच्या पुलीवरची खूण कशी दिसते ते बघायचं. खूण स्थिर आहे पण चुकीच्या जागी, की जागच्या जागी नाचतेय? माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं.

पॉइंटच्या (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या छोट्या स्विचच्या) डिस्ट्रिब्युटरमध्ये खूण स्थिर राहून हळूहळू मागे जात असेल, तर संशय पॉइंटच्या टाचेवर. शाफ्टवरच्या कॅमवर (उंचवट्यांवर) घासून ती झिजते, पॉइंटमधली फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. कॅमवर ग्रीस नसेल तर ही झीज झपाट्याने होते. म्हणून फट आधी, टायमिंग नंतर. उलट क्रमाने केलं तर पहिलं काम दुसऱ्याने पुसून टाकलं म्हणून समजा.

खूण नाचत असेल तर कुठेतरी प्ले (ढिलेपणा) आहे. रोटर (कॅपखाली शाफ्टवर फिरून करंट वाटणारा तुकडा) काढून शाफ्ट आडवा हलवून पाहावा. बुश झिजला असेल तर तो हाताला डुगडुगतो. शाफ्ट वर-खाली हलतो का तेही बघावं. खालच्या गिअरचे दाते तिरके असतात, त्यामुळे शाफ्ट उचलला की थोडा फिरतोही, आणि तेवढंच टायमिंग हलतं. काही व्ही-8 इंजिनांत याच शाफ्टच्या टोकावर ऑइल पंपही चालतो, म्हणजे थंड, दाट ऑइल ढकलण्याचा सगळा भार या गिअरवर आणि त्याच्या पिनवर.

स्प्रिंगा सैल झाल्या असतील तर आणखी गंमत होते. वजनं आयडलवरच (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या मंद वेगावरच) उघडू लागतात. तुम्ही टायमिंग पुढे घेता, त्याने इंजिनाचा वेग वाढतो, वेगाने वजनं आणखी उघडतात, टायमिंग अजून पुढे जातं. मग स्क्रूने आयडल खाली आणला की सगळं परत मागे. कुठलाही बोल्ट सैल नसताना सेटिंग टिकत नाही ते असं. म्हणून आयडल आधी पुरेसा उतरवायचा, व्हॅक्यूमचा पाइप (इंजिनाच्या ओढीने टायमिंग हलवणारा) काढून त्याचं तोंड बंद करायचं आणि मगच लाइट धरायचा.

क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन ढिली असली तरी खूण नाचते. बॅटरीची वायर काढायची, कॅप उघडायची, क्रँक हाताने एका दिशेला फिरवून थांबायचं आणि मग हळूच उलटा फिरवायचा. रोटर हलायला लागण्याआधी क्रँक किती फिरतो तेवढा चेनचा ढिलेपणा. तो दहा अंशांच्या पुढे असेल तर डिस्ट्रिब्युटरला दोष देणं सोडून चेनच्या खर्चाची तयारी ठेवावी. अशी चेन कधीतरी दाताही सोडते. क्रँकच्या चक्राला 20 दाते असतील तर एक दाता म्हणजे थेट 18 अंश.

आणि एवढं सगळं ठीक निघालं तर? मग खूणच खोटी असू शकते. पुष्कळ इंजिनांत पुढची पुली दोन भागांची असते: आतला भाग क्रँकला जखडलेला, बाहेरचं कडं त्याला रबराने चिकटलेलं, आणि खूण त्या कड्यावर. रबर म्हातारं झालं की कडं सरकतं. घड्याळाची आकड्यांची तबकडी फिरली तर काटे बरोबर असूनही वेळ चुकते, तसं. अशा गाडीचं टायमिंग ‘खुणेवर’ आणणं म्हणजे ते हाताने बिघडवणं. खरा टॉप शोधायला पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून तिथे पिस्टन अडवणारा स्टॉप बसवतात. क्रँक हाताने एका बाजूने अडेपर्यंत फिरवून पुलीवर एक खूण, दुसऱ्या बाजूने अडेपर्यंत फिरवून दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टॉप.

कॉम्प्युटर आल्यावर संशयितांत आणखी एकाची भर पडली. 1987 ते 1995 च्या काळातल्या जनरल मोटर्सच्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनवाल्या ट्रकांत मूळ टायमिंग लावण्याआधी एक ठरावीक वायर सोडवावी लागते. ती तशीच ठेवली तर कॉम्प्युटर स्वतःच टायमिंग पुढे-मागे करत राहतो आणि लाइटखाली दिसणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. 1996 पासूनच्या त्यांच्या ज्या व्होर्टेक व्ही-8 इंजिनांत डिस्ट्रिब्युटर आहे, तिथे तो फिरवून ठिणगीची वेळ बदलतच नाही. ती क्रँकवरच्या सेन्सरवरून ठरते. बॉडी फिरवली की फक्त रोटर आणि कॅपमधल्या टोकांचा मेळ बिघडतो आणि ठिणगी शेजारच्या सिलिंडरकडे उडू शकते. तिथे टायमिंग लाइट गुंडाळून ठेवायचा, स्कॅनर लावायचा आणि त्यावर दिसणारा कॅमचा फरक (कॅमशाफ्ट आणि क्रँकमधला अंशांचा फरक) शून्याच्या दोन अंश अलीकडे-पलीकडे येईपर्यंत बॉडी फिरवायची.