पाय आंबलेत की गुडघा दुखतोय?

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरून झालं की बाकावर दोन पंथ बसतात. एक म्हणतो, "दुखलं म्हणजे व्यायाम अंगी लागला." दुसरा म्हणतो, "दुखतंय ना? मग बसा आता घरी." सगळे साठी-सत्तरीतले, कुणाला साखर, कुणाला बीपी, गुडघे तर बहुतेकांचेच. हा वाद ऐकून माझे कान किटले आहेत. आंबणं आणि ठणकणं असे दोन स्वच्छ शब्द आपल्याकडे असताना सगळं 'दुखतंय'मध्ये का कोंबायचं?

आंबणं सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीआधी माळे साफ केले की दुसऱ्या दिवशी येतं ते. पावागड चढताना दम जातो, पण मांड्या आंबतात त्या मुख्यतः उतरण्याने. उतरताना स्नायू लांबत लांबत भार पेलतो, त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते. लॅक्टिक ॲसिडला उगाच दोष देऊ नका, ते तास-दोन तासांत निवळलेलं असतं.

खरा घोटाळा गुडघ्याशी होतो, कारण मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरूनच खाली जातो आणि दुखणं 'तिथेच कुठेतरी' वाटतं. अशा वेळी जागा शोधण्याआधी घड्याळ बघा. आंबणं त्या दिवशी फारसं जाणवत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं आणि चार-पाच दिवसांत उतरतं. सकाळी झोपाळ्यावरून उठताना "आई गं" होतं, पण चार पावलं चाललं की सैल पडतं. दोन्ही पायांनी सारखं काम केलं असेल तर दोन्ही मांड्या धरतात, मांडीचा मांसल भाग दाबला की कळतं. ठणकणारा, बिघडलेला सांधा बहुधा त्याच दिवशी बोलतो, आणि चाललं की दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं. बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतं, कधी गरम लागतं, कधी सूज येते.

संधिवाताच्या लोकांना सांगतात तो दोन तासांचा नियम मला सगळ्यांत आवडतो. व्यायाम संपून दोन तास झाल्यावरही सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करा. कमी म्हणजे बंद नव्हे! खुर्चीवरून पंधरा वेळा उठलात तर आठ वेळा उठा.

हे मी शिकलो ते स्वतःच्या हट्टामुळे. दांडियाबाजारात, जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या शेजारात वाढलेला मी. ते चालवणाऱ्या प्रोफेसर माणिकरावांची ख्याती व्यायामाइतकीच हाडं बसवण्यासाठीही होती. आमच्या डोक्यात मात्र फक्त बैठका राहिल्या. उजवा गुडघा ठणकत असताना "आंबलाय, मोकळा होईल" म्हणून मी आणखी बैठका मारल्या, वर गरम तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर डाव्या गुडघ्याची वाटी दिसत होती, उजव्याची सुजेत बुडाली होती.

गुडघ्याच्या कटकट आवाजाची चर्चा मी करणार नाही. दुखत नसेल, सूज नसेल तर वाजू द्या.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. साखरेमुळे तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर दुखण्यावर भरवसा नाही. फिरून आल्यावर मोजे काढून, बोटांच्या बेचक्यांसकट तळवा डोळ्यांनीच पाहायचा. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, व्यायाम काही केलेला नाही, तरी सगळं अंग आंबलंय, तर डॉक्टरांना सांगा; लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी.

माझ्या बैठका आता बंद आहेत. खुर्चीवरून उठणं चालू आहे, सध्या दहा.