भरतपूरच्या म्हशी आणि दहा वर्षांच्या नोंदी

नोव्हेंबर 1982 मध्ये राजस्थानातल्या भरतपूरच्या घाना पक्षी अभयारण्यात म्हशींना मज्जाव झाला. केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणून नवा दर्जा मिळाला होता, आणि राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायची नाहीत, असा कायदा. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या इथल्या उथळ पाण्यात उतरून चरत आल्या होत्या. त्यांना दुसरं कुरण कुठलं, याचं उत्तर कुणी दिलं नाही. वाद पेटला, पोलिसांनी गोळीबार केला, गावकरी मेले.

म्हशी हटल्या की पक्षी सुखाने नांदतील, असं मानणाऱ्यांत खुद्द पक्षितज्ज्ञ सालिम अली होते. या पाणथळीशी त्यांचं नातं जुनं. एका दिवसात चार हजारांवर पक्षी टिपणारी 1938 ची व्हाइसरॉय लिनलिथगोची शिकार जिथे झाली, त्या जागेला अभय मिळावं म्हणून ते अनेक वर्षं झटले होते. त्यांचा सल्ला हलक्यात घ्यावा असा नव्हताच.

योगायोग असा, की सालिम अलींच्याच मुंबईच्या संस्थेने, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, 1980 मध्ये तिथे मुक्कामी अभ्यास सुरू केला होता. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली पाणी, वनस्पती, मासे, पक्षी या सगळ्याची नोंद ठेवली जात होती. त्यामुळे बंदीच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरची आठ वर्षं एकाच पद्धतीने वहीत उतरली. असा ‘आधी आणि नंतर’ चा हिशेब मुद्दाम ठरवून जमवणं कठीण असतं. इथे तो आपसूक जमला.

नोंदी काय म्हणाल्या? पाण्यात वाढणारं पॅस्पॅलम नावाचं गवत म्हशी खात होत्या, तुडवत होत्या. त्या गेल्या आणि गवत फोफावलं. उघडं पाणी आक्रसत गेलं. बदकांना पोहायला जागा हवी, ती कमी झाली. माशांचं बिघडलं, म्हणजे माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांचंही. तेव्हा सायबेरियाहून इथे येणारे पांढरे क्रौंच उथळ चिखलात चोच खुपसून कंद उकरतात. त्यांच्या वाटेत आता गवताची गच्च गादी होती. 1991 च्या अंतिम अहवालाने स्पष्ट लिहिलं, की या पाणथळीला म्हशींची गरज आहे. ज्या संस्थेच्या वजनामुळे बंदीला बळ मिळालं, तिनेच ती बंदी चुकीची ठरवली. मला यात संस्थेची नाचक्की दिसत नाही, उलट मोठेपणा दिसतो. सालिम अली मात्र तो अहवाल पाहायला नव्हते. ते 1987 मध्ये गेले.

बंदीनंतर वर्षा-दोन वर्षांत कुणी पाहणी करून गेलं असतं, तर ‘हिरवळ वाढली, गुरांचा त्रास संपला’ असा शेरा मारला असता. तो खोटाही नसता. निसर्गातल्या बऱ्याच गोष्टींची हीच अडचण आहे. त्यांची चाल आपल्या प्रकल्पांच्या मुदतीपेक्षा धिमी असते आणि पैसे मात्र तीन वर्षांचे मिळतात.

हे भान विज्ञानाला आलं तेही वळणावळणाने. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथे जॉन लॉज यांनी 1843 मध्ये गव्हाच्या शेतावर प्रयोग मांडला, तो खतं तपासायला. लॉज स्वतः खताचे कारखानदार. 1856 मध्ये शेजारच्या गवताळ रानावर तसाच दुसरा प्रयोग सुरू झाला. दोन्ही आजही चालू आहेत. दर हंगामातले धान्याचे, गवताचे आणि अधूनमधून मातीचे नमुने बाटल्यांत भरून ठेवायची शिस्त तिथे पडली. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच जुन्या गव्हातून रोगकारक बुरशीचा डीएनए काढला आणि 2005 मध्ये दाखवून दिलं, की गव्हाच्या दोन बुरशींपैकी कुठली वरचढ ठरते हे हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या चढउताराबरोबर बदलत गेलं. लॉज यांच्या हयातीत डीएनए हा शब्दही नव्हता. त्यांनी बाटल्या भरल्या, एवढंच.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं हबर्ड ब्रूकचं जंगलही मुळात ओढ्यांचं पाणी मोजण्यासाठी राखलेलं. 1963 मध्ये जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि सहकाऱ्यांनी तिथे पावसाचं रसायन तपासायला घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यातल्या नमुन्याचा सामू 3.7 निघाला, म्हणजे पाऊस जवळजवळ संत्र्याच्या रसाइतका आंबट. पण एका नमुन्यावरून सरकार हलत नाही, हलूही नये. वर्षानुवर्षं साचलेल्या अशाच आकड्यांच्या आधारावर 1990 मध्ये अमेरिकेने हवा प्रदूषणाच्या कायद्यात आम्लपावसाविरुद्धची कलमं घातली. त्याआधी, 1980 मध्ये, तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने अशा दीर्घकालीन अभ्यासस्थळांचं जाळंच उभारलं.

अशा दीर्घकालीन नोंदींची आपल्याकडची सुरुवात मला जास्त मजेशीर वाटते. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसंही तापाने आजारी पडली. विषाणू सापडला तो रशियातल्या एका रोगाच्या विषाणूचा भाऊबंद. मग संशय आला स्थलांतरी पक्ष्यांवर. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि 1959 पासून सालिम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचं मोठं काम सुरू झालं. पक्ष्यांवरचा संशय काही सिद्ध झाला नाही. हातात उरला तो भारतात येणारे पक्षी कुठून येतात, कुठे जातात याचा खजिना. पुढे याच कामाला मिळालेल्या अमेरिकी सैन्याच्या पैशावरून संसदेत गदारोळ झाला, तो वेगळाच अध्याय.

1983 मध्ये पुण्याच्या माधव गाडगीळांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पर्यावरणशास्त्र केंद्र सुरू केलं. याच केंद्रातून रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये तामिळनाडूतल्या मुदुमलईत 50 हेक्टर जंगल आखून घेतलं. काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. छातीच्या उंचीवर एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांकाची पट्टी लावायची, त्याचा घेर मोजायचा. दरवर्षी फिरून बघायचं, कोण मेलं, कोण नव्याने उगवलं; आणि दर चार वर्षांनी सगळ्यांची जाडी पुन्हा मोजायची. ऐन, धावडा, नाणा, साग ही मंडळी सह्याद्रीत हिंडणाऱ्यांच्या ओळखीचीच.

2015 मध्ये केंद्र सरकारने हिमालयापासून अंदमानपर्यंत अशी निरीक्षणस्थळं उभारण्याचा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा मुदुमलईच्या वह्यांना पंचवीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती. या वह्यांत वारंगाची कहाणी आहे. पहिल्या मोजणीत हे झाड हजारोंनी होतं. हत्ती त्याची साल सोलतात, फांद्या मोडतात, कोवळी खोडं आडवी करतात. पुढच्या मोजण्यांत वारंगाचे आकडे घसरत गेले. वणव्याने मेलं की हत्तीने, हेही प्रत्येक खोडापुढे लिहिलेलं असतं. मोजणीदार आजही आधी जुना क्रमांक शोधतात, पट्टी हाती लागली नाही तर आजूबाजूचा पाचोळा चाळतात, आणि मगच त्या ओळीत ‘मृत’ लिहितात.