‘यंग फ्रँकेन्स्टाइन’: नक्कल विनोदी, यंत्रं मात्र अस्सल

केनेथ स्ट्रिकफेडन हा हॉलिवूडमधला विजेची कामं करणारा माणूस. १९३१ साली युनिव्हर्सल स्टुडिओच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी त्यानं प्रयोगशाळेची यंत्रं बनवली होती. ठिणग्या उडवणारी, गरगर फिरणारी, कडकडणारी. चित्रपट जगभर गाजला, पण पडद्यावर स्ट्रिकफेडनचं नाव काही आलं नाही. त्यानं ती यंत्रं मात्र भंगारात काढली नाहीत. चाळीसेक वर्षांनी दिग्दर्शक मेल ब्रूक्स ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ या विडंबनपटाच्या तयारीला लागला, तेव्हा ती सगळी स्ट्रिकफेडनच्या गॅरेजात सापडली, आणि चालू स्थितीत. ब्रूक्सनं ती भाड्यानं घेतली आणि राहून गेलेलं श्रेय नामावलीत देऊन टाकलं.

नुसती टवाळीच करायची असती तर पुठ्ठ्याची यंत्रं चालून गेली असती. पण १९७४ चा हा चित्रपट ज्यांची थट्टा करतो, त्या जुन्या कृष्णधवल भयपटांवर करणाऱ्यांचा जीव होता. त्यातला जवळजवळ प्रत्येक विनोद आधीच्या कुठल्या ना कुठल्या दृश्याचं देणं लागतो. ते देणं कुठून आलं, हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ च्या एप्रिलमध्ये स्फोट झाला. त्याच्या राखेमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी इंग्रज कवी बायरनच्या बंगल्यावर जमलेली मंडळी पावसानं घरात कोंडली गेली, आणि प्रत्येकानं एकेक भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं. त्यातून अठरा वर्षांच्या मेरी शेलीची कादंबरी जन्मली. १८१८ साली ती छापली गेली, तीही लेखिकेच्या नावाविना. गंमत म्हणजे आज आपण ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे आणतो, त्यातलं फारसं काही या कादंबरीत नाही. कुबडा मदतनीस नाही, मशाली घेऊन चालून येणारा गाव नाही, आणि ट्रान्सिल्व्हेनिया तर नाहीच. तो ड्रॅक्युलाचा मुलूख. शेलीचा नायक जिनिव्हाचा, शिकला जर्मनीतल्या इंगोल्श्टाटला. राक्षस कसा जिवंत केला, हेही तिनं धूसरच ठेवलंय. आणि मुख्य म्हणजे तिचा राक्षस मुका नाही. तो मिल्टनचं महाकाव्य वाचतो आणि आपल्या निर्मात्याशी पानंच्या पानं वाद घालतो.

त्याची वाचा गेली ती १९३१ साली. दिग्दर्शक जेम्स व्हेलनं राक्षसाच्या तोंडी फक्त गुरगुरणं ठेवलं. जॅक पिअर्सनं रंगभूषेतून ते सपाट डोकं आणि जड पापण्या घडवल्या. भूमिकेसाठी सापडला त्रेचाळीस वर्षांचा एक नट, जो तोवर फुटकळ कामं करत होता. सुरुवातीच्या नामावलीत राक्षसापुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. बोरिस कार्लोफ हे नाव लोकांना कळलं ते शेवटी.

इथे जरा आडवळण घेतो, कारण ते वळण नगरला जातं. कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात अधिकारी होते. त्याच्या आईची मावशी म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिकवायला गेलेली ॲना लिओनोवेन्स, आणि तिचा जन्म १८३१ चा, अहमदनगरचा. ती स्वतः मात्र आयुष्यभर आपण वेल्सच्या असल्याचं सांगत राहिली. हॉलिवूडच्या सर्वांत प्रसिद्ध राक्षसाचं आजोळ असं आपल्या मुलखाशी जोडलेलं आहे.

पुढे युनिव्हर्सलनं याच गोष्टीवर चित्रपटांची माळ लावली. ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’च्या दृष्टीनं त्यातले तीन महत्त्वाचे: १९३१ चा पहिला, १९३५ चा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि १९३९ चा ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’. ज्याला आपण इगोर म्हणतो तो पहिल्या चित्रपटात नाही. तिथे आहे फ्रिट्झ नावाचा कुबडा. यगोर आला १९३९ मध्ये, बेला लुगोसीच्या रूपात, आणि त्याला कुबड नव्हतं. फाशीतून वाचल्यामुळे मान मोडून वाकडी झालेली होती. लोकांच्या आठवणीत फ्रिट्झचं कुबड यगोरच्या पाठीवर जाऊन बसलं. ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’मधला मार्टी फेल्डमनचा इगोर हा त्या सरमिसळीचाच वारस. फेल्डमननं तर शूटिंगच्या वेळी गुपचूप ते कुबड कधी डाव्या, कधी उजव्या खांद्यावर न्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी सहकाऱ्यांच्या ते लक्षात आलं, आणि मग पटकथेत तो विनोद कायमचा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या चित्रपटांचा धाक ओसरला. १९४८ मध्ये युनिव्हर्सलनं स्वतःच राक्षसाला ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीसमोर उभं केलं. १९५७ साली स्टुडिओच्या बावन्न जुन्या चित्रपटांचा एक संच अमेरिकी टीव्ही केंद्रांना विकला गेला, आणि कार्लोफ रात्री उशिरा घरोघरी पोचला. माझ्या मते विनोदाची जमीन इथे तयार झाली. विडंबनाला हसायचं तर मूळ ओळ पाठ असावी लागते. १९७४ च्या प्रेक्षकाला ती टीव्हीनं पाठ करून दिली होती.

‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ची कल्पना ब्रूक्सची नव्हे, त्यात नायक झालेल्या जीन वाइल्डरची. त्यानं पिवळ्या कागदांच्या वहीवर वर शीर्षक लिहिलं आणि स्वतःलाच विचारलं, मी त्या बदनाम फ्रँकेन्स्टाइनच्या कुळातला असतो आणि मला तो वाडा वारशानं मिळाला असता, तर? ‘ब्लेझिंग सॅडल्स’ या आधीच्या चित्रपटाच्या शूटिंगच्या अखेरीस ब्रूक्सनं ती वही पाहिली आणि दोघं मिळून लिहायला लागले. वाइल्डरची एक अट होती: ब्रूक्सनं पडद्यावर दिसायचं नाही. ब्रूक्सनं ती पाळली. लांडग्याचं ओरडणं मात्र त्याचंच आहे!

मग आली रंगाची भानगड. चित्रपट आधी कोलंबिया स्टुडिओकडे होता. पैशांवरून घासाघीस चालूच होती, त्यात ब्रूक्सनं जाता जाता सांगितलं की हा कृष्णधवल असेल. मंडळी हादरली. अमेरिकेपुरता कृष्णधवल ठेवा, पण फिल्म रंगीत वापरा, असाही तोडगा निघाला. ब्रूक्सनं तो मानला नाही, कारण एकदा रंगीत निगेटिव्ह हाती आल्यावर ती वापरायचा मोह कुणाला आवरणार? शेवटी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं चित्रपट घेतला. छायालेखक जेराल्ड हिर्शफेल्डनं जुन्या धाटणीची प्रकाशयोजना केली, आणि एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना तीसच्या दशकातल्या युक्त्या वापरल्या: गोल मिटत जाणारी चौकट, पडदा सरकावा तसं पुसलं जाणारं दृश्य. रंगीत असता तर वाड्याचे दगड प्लास्टरचे आहेत हे पहिल्या मिनिटाला कळलं असतं.

मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून पाहायचं तर आंधळ्या साधूचा प्रसंग घ्यावा. १९३५ च्या चित्रपटात राक्षस जंगलातल्या झोपडीत शिरतो. आंधळा म्हातारा व्हायोलिन वाजवत असतो. त्याला राक्षस दिसत नाही, म्हणून तो भीत नाही. तो पाहुण्याला जेवू घालतो, दारू देतो, सिगार ओढायला शिकवतो. खरोखर हृद्य प्रसंग आहे. ब्रूक्सनं त्यात फक्त एकच गोष्ट खरी धरली: म्हाताऱ्याला दिसत नाही. म्हणजे कढत सूप वाटीत न पडता राक्षसाच्या मांडीवर पडणार. मग आदळून फोडलेला दारूचा पेला, मग सिगारऐवजी पेटवलेला अंगठा. पीटर बॉयलचा राक्षस किंचाळत दार फोडून पळतो, आणि म्हातारा मागून हाक मारतो की थांब, मी एस्प्रेसो करणार होतो. ते वाक्य जीन हॅकमननं ऐन वेळी घातलेलं. ‘द फ्रेंच कनेक्शन’साठी ऑस्कर मिळवलेला हा नट दाढीआड इतका लपलाय की अनेकांनी त्याला ओळखलंच नाही. पहिल्या प्रदर्शनात त्याचं नावही नव्हतं.

इन्स्पेक्टर केंपचा लाकडी हात हाही असाच उसना. १९३९ च्या चित्रपटातला इन्स्पेक्टर डार्ट खेळताना बाण स्वतःच्या लाकडी हातात टोचून ठेवतो. ते मुळातच इतकं विचित्र आहे की ब्रूक्सला त्यात फारशी भर घालावी लागली नाही. त्यानं केंपच्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि त्या पट्टीवर एकभिंगी चष्मा चढवला.

वाड्याची कारभारीण फ्राउ ब्लूशर हिचं नाव घेतलं की घोडे खिंकाळतात. या नावाचा जर्मन अर्थ सरस, म्हणजे घोड्यांच्या हाडांपासून होणारा डिंक, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसा काही अर्थ नाही. ब्लूशर हे वॉटर्लूच्या लढाईतल्या प्रशियन सेनापतीचं आडनाव. घोडे भितात ते केवळ तिला.

वाइल्डर आणि ब्रूक्स यांचं खरं भांडण झालं ते राक्षसाच्या नाचावरून. टोपी आणि टेलकोट घालून राक्षस आणि त्याचा निर्माता अर्व्हिंग बर्लिनच्या ‘पुटिन ऑन द रिट्झ’वर नाचतात. ब्रूक्सला ते अति वाटलं. वाइल्डर तावातावानं भांडला, तेव्हा ब्रूक्स म्हणाला, ठीक, ठेवू. तू किती जिद्दीनं लढतोस तेच बघत होतो. आज तो प्रसंग काढला तर चित्रपटाचा कणाच जाईल.

डिसेंबर १९७४ मध्ये चित्रपट लागला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आलेल्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’सह ब्रूक्सचे दोन चित्रपट त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या यादीत होते. पटकथा आणि ध्वनी यांसाठी ऑस्कर नामांकनंही मिळाली.

गोष्टीच्या शेवटाकडे राक्षसाला घडवणारा डॉक्टर आपल्या मेंदूचा थोडा अंश त्याला देतो, आणि चालून आलेल्या गावासमोर राक्षस चक्क अस्खलित भाषण करतो. १९३१ साली काढून घेतलेली जीभ त्याला परत मिळते, तीही एका विनोदी चित्रपटात. शेलीचा राक्षस मिल्टन वाचायचा. बॉयलचा राक्षस चष्मा लावून पलंगावर पडतो आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ वाचतो.