एलएफई म्हणजे सबवूफर नव्हे

आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीलाच ‘डॉल्बी’ म्हणतात, त्यामुळे नावांच्या गोंधळाची आपल्याला सवय आहे. पण डॉल्बी ॲटमॉसचं, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीचं, सेशन लावताना एक गोंधळ महागात पडतो. ७.१.४ म्हणजे भोवती सात स्पीकर, एक एलएफई (लो-फ्रिक्वेन्सी इफेक्ट्स) चॅनल आणि वर चार स्पीकर. त्यातला मधला ‘१’ बघायचा, कोपऱ्यातला सबवूफर बघायचा आणि दोन्ही एकच समजायचं.

एलएफई हा चॅनल आहे, मिक्सचा भाग. त्यात तुम्ही मुद्दाम पाठवाल तेवढंच जातं, तेही साधारण १२० हर्ट्झपर्यंतचं. सबवूफर हा खोलीतला डबा. बाकीच्या स्पीकरना न झेपणारा खर्ज, बहुधा ८० हर्ट्झच्या खालचा, बास मॅनेजमेंट त्याच्याकडे वळवतं. म्हणून एलएफईचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) पूर्ण खाली असला तरी सब घुमतो. खात्री करायचीय? फक्त डाव्या चॅनलला पिंक नॉइज (चाचणीचा सलग खरखराट) द्या आणि सबच्या खोक्यावर हात ठेवा. थरथर लागली तर बास मॅनेजमेंट चालू आहे.

मी एकदा ढोल-ताशाच्या मिक्समध्ये ढोलाचा सगळा खर्ज एलएफईत टाकला आणि बाकी चॅनलमधून कापून काढला. स्टुडिओत छाती हादरत होती. स्टीरिओ प्रत हेडफोनवर ऐकली, तर ढोलाच्या जागी रिकामा पत्र्याचा डबा! सराउंडचं स्टीरिओ करताना एलएफई बहुतेक वेळा गाळला जातो. तेव्हापासून खर्ज मूळ चॅनलमध्येच ठेवतो, एलएफईत फक्त जादाचा धक्का.

ॲटमॉसमध्ये आणखी एक मेख आहे. एलएफई फक्त बेडमध्ये (ठरलेल्या चॅनलच्या संचात) असतो, ऑब्जेक्टला (जागा हलवता येणाऱ्या सुट्या आवाजाला) तिथे थेट जाता येत नाही. त्यामुळे ढोल ऑब्जेक्ट असेल, तर त्याचा वेगळा सेंड (आवाजाची जादा फांदी) काढून, लो-पास (फक्त खर्ज जाऊ देणारा) फिल्टर लावून बेडच्या एलएफईत न्यावा लागतो.

आणि ते १० डेसिबल. एलएफई ऐकवताना मुख्य चॅनलपेक्षा १० डेसिबल वर वाजायला हवा; बास मॅनेजमेंटने वळवलेल्या खर्जाला मात्र ही वाढ द्यायची नाही. डबा एकच, हिशेब दोन. ही वाढ कुठेच दिली नसेल, तर तुम्ही फेडर चढवत राहता आणि बाहेर खिडक्या वाजतात. रेंडररमध्येही (मिक्स स्पीकरना वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दिली आणि सबच्या मागच्या नॉबवरही, तर तुम्हाला एलएफई उगाच जड वाटतो आणि मिक्स हडकुळं निघतं. माझ्या सबच्या नॉबवर म्हणूनच चिकटपट्टी आहे.