कुंपण घालण्याआधी: हद्द, शेजारी आणि कायदा

काम द्यायला येणारे ग्राहक आधी विचारतात, तार कोणती घ्यावी आणि खांब किती लागतील. आम्ही आधी विचारतो, हद्द नक्की कुठे आहे? त्याचं ठाम उत्तर मिळेपर्यंत आम्ही एकही खड्डा खणत नाही. काम थोडं लांबतं, पण उभं केलेलं कुंपण उपटायची वेळ येते तेव्हा पैसा तर जातोच, शेजारही कायमचा तुटतो.

जुनं कुंपण म्हणजे हद्द, असं धरून चालू नका. कधी एखादं झाड वाचवण्यासाठी ते वळवलेलं असतं, कधी खाली खडक लागला म्हणून हातभर आत घेतलेलं असतं. एका कामात दोन्ही घरं वर्षानुवर्षं झुडपांच्या रांगेलाच हद्द समजत होती. मोजणीदाराने मुळांजवळ उकरलं, तेव्हा वीतभर मातीखाली हद्दीचा दगड निघाला, तोही रांगेच्या अलीकडे, आमच्या ग्राहकाच्या बाजूला. शेजारी समोरच उभे होते. ग्राहकाने काही न बोलता दोरी त्या दगडाला बांधायला सांगितली. त्या कुंपणावरून पुढे कधी वाद झाला नाही.

हद्द ठरते खरेदीखत, नकाशा आणि जमिनीतल्या खुणा यांचा मेळ घालून. नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढू नका. 1:1000 च्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर 50 सेंटीमीटर रुंद होते. मोबाइलवरचं ठिकाण मोकळ्या आभाळाखालीही काही मीटर इकडेतिकडे असतं. टेपसुद्धा उतारावर फसवते, कारण जमिनीची मापं सपाटीवरची धरतात. 30 मीटर टेप उतारावर ताणली आणि दोन टोकांच्या उंचीत 4 मीटरचा फरक असला, तर सपाटीवर ते अंतर 29.73 मीटरच भरतं. ह्या 27 सेंटीमीटरवरून लोक कोर्टात गेले आहेत. म्हणून अधिकृत मोजणी करून घ्या आणि शेजाऱ्यांना आधी कळवून त्या वेळी बोलवा. स्वतःच्या डोळ्यांसमोर ठोकलेली खुंटी माणूस सहसा नाकारत नाही. सापडलेला दगड मात्र जागचा हलवू नका. अनेक ठिकाणी तो गुन्हा आहे.

खांब अगदी रेषेवर हवा असेल, तर शेजाऱ्यांची लेखी संमती लागेल. वर खांब 10 सेंटीमीटरचाच दिसतो, पण खाली काँक्रीट 30 सेंटीमीटर पसरतं. संमती नसेल तर आम्ही पूर्ण पाया तुमच्या बाजूला घेतो. थोडी जागा बाहेर राहते, म्हणून त्याची नोंद कागदावर करून ठेवा.

ही नोंद का, ते नीट समजून घ्या. दुसऱ्याची जागा उघडपणे, परवानगीशिवाय आणि अखंड वापरणाऱ्याला ठरावीक मुदतीनंतर तिच्यावर हक्क सांगता येतो. त्याला प्रतिकूल ताबा म्हणतात. खासगी जमिनीसाठी ही मुदत भारतात 12 वर्षं आहे, फ्रान्समध्ये साधारणपणे 30. परवानगीने केलेला वापर प्रतिकूल ठरत नाही. तुमची पट्टी शेजारी वापरत असतील आणि तुमची हरकत नसेल, तर ‘ही जागा माझ्या परवानगीने वापरात आहे’ एवढं दोघांच्या सहीने लिहून ठेवा. भिडेपोटी हे राहून जातं आणि पुढच्या पिढीला निस्तरावं लागतं.

वाद आधीच पेटला असेल तर रातोरात कुंपण घालून घ्यायला आम्हाला बोलावू नका. तसं काम आम्ही घेत नाही. तारखेसह फोटो काढा, कागद एकत्र करा, वकिलांना दाखवा, दोघांना मान्य असलेली मध्यस्थी करून पाहा. कोर्टाचा मनाई हुकूम असेल तर तो उठेपर्यंत हद्दीवरच्या जुन्या तारेलाही हात लावू नका.

आमच्याकडे येताना खरेदीखताची प्रत, मोजणीचा नकाशा आणि असल्यास शेजाऱ्यांचं संमतीपत्र घेऊन या. आखणीच्या दिवशी दोरी ताणून झाली की आम्ही दोन्ही घरच्यांना बोलावतो, आणि दोघांनी ती पाहिल्यावरच पहिला खड्डा खणतो.